तुले दुसरी बनवून देतो ना!

लोकांच्या घरात जुनं फर्निचर साठत जातं. आमच्या घरात फर्निचर टिकतच नाही, म्हणून नुसते किस्से साठतात! हळदीकुंकवाला चार बायका जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "वयनी, तो पाळण्याचा सांगा ना." मी एक सांगायला घेते, त्याच्या मागून दुसरा निघतो, आणि घरी येईपर्यंत माझं डोकं पुन्हा नव्यानं तापलेलं असतं. ऐकणाऱ्यांना हसू येतं हो. भोगलंय मी!

धंदा तसा साधा आहे. गोंदिया म्हणजे रेल्वेचं जंक्शन. बदल्या होतात, क्वार्टरं रिकामी होतात आणि जाताना माणसं पलंग-टेबलं येईल त्या भावात टाकून जातात. आमचे हे, म्हणजे टेकचंद, ती उचलून आणतात. निखळलेले सांधे बसवतात, मोडक्या पायाच्या जागी नवा घालतात. मग माझी पाळी. जुना रंग खरवडायचा, रेगमालाच्या खरखरीत कागदानं घासून घासून लाकूड उघडं करायचं आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे, म्हणजे आपल्या लाखेच्या पॉलिशचे, एकावर एक हात द्यायचे. लाकडात तोंड दिसायला लागलं की हे ती वस्तू विकून मोकळे!

त्याला माझी ना नाही. धंदाच तो. माझं म्हणणं एवढंच, की एक वस्तू, फक्त एक, घरात राहावी. दिवसभर उकिडवं बसून घासणाऱ्या बाईला संध्याकाळी पाठ टेकायला एक खुर्ची. पण गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायची जीभच देवानं ह्यांना दिली नाही. मला सांगायला मात्र एक वाक्य दिलंय. गेली इतकी वर्षं तेच ऐकते आहे. "तुले दुसरी बनवून देतो ना!"

* * *

सुरुवात लग्नापासूनच झाली. नव्व्याण्णव साल. माझं माहेर नागऱ्याजवळचं, बाबांची धानाची शेती. लेकीसाठी त्यांनी सागवानी दिवाण करून दिला होता, चारी पायांना कोरीव काम. सासरी आले आणि पहिल्याच आठवड्यात शेजारचे एक रेल्वेतले साहेब सहकुटुंब नवी नवरी पाहायला आले.

बाई माझ्याकडे पाहत होत्या. साहेब दिवाणाकडे!

दुसऱ्या दिवशी दिवाण हातगाडीवर चढला. मी नवी नवरी, बोलणार काय? चटईवर झोपले. हे मोठ्या प्रेमानं म्हणाले, "चिडून काऊन राहिली? तुले दुसरा बनवून देतो ना!"

महिनाभरानं बाबा सायकलवर नवे तांदूळ घेऊन आले. पाणी प्यायले, आत डोकावले. "दिवाण कुठं हाये, जावईबापू?"

ह्यांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "पॉलिशले देला, मामाजी."

बाबांनी एकदा ओसरीकडे पाहिलं. पॉलिशचे डबे, स्पिरिटच्या बाटल्या, चिंध्या, रेगमालाचे कागद. मग शांतपणे विचारलं, "कोनाले देला?"

* * *

पॉलिश मी करते हे शेजाऱ्यांना ठाऊक आहे, गिऱ्हाइकांना नाही. आणि कुणाला सांगावं असं ह्यांच्या कधी मनातही येत नाही. एकदा एक शेठाणी आली. जेवणाच्या टेबलावरून तळहात फिरवत म्हणाली, "भैया, क्या हाथ है आपका!"

हे लाजले. मी बाजूलाच चिंधी घेऊन उभी. वाटलं, आता तरी बोलतील. कसले बोलतात! मग मीच दोन्ही हात पुढे केले. चपड्यानं कोपरापर्यंत लालतपकिरी झालेले, नखांच्या फटीसुद्धा रंगलेल्या. म्हटलं, पाहा तरी कुणाचा हात आहे तो.

शेठाणीनं माझे हात हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि कौतुकानं म्हणाली, "वाह भाभी! मेहंदी क्या रची है!"

* * *

आता तो पाळण्याचा.

आमची पल्लवी झाली तेव्हा ह्यांनी एका मोडक्या शिसवी पलंगाचा पाळणा केला. खोटं कशाला बोलू, फार सुंदर केला. मी बाळंतपणाहून परत आले आणि पहिलं काम त्याला पॉलिश करण्याचं केलं. ह्यांना बजावून सांगितलं, "हा लेकरासाठी हाये. याच्याकडे गिऱ्हाइकाची नजरही नाई गेली पायजे."

एका दुपारी मी मागं कपडे वाळत घालत होते. ओसरीवरून आवाज आला, "बहुत बढिया! जरा भी आवाज नहीं करता!" मला वाटलं कुणी पाहुणा पोरीचं कौतुक करतोय. पोर होतीच तशी शांत. पदराला हात पुसत हसत हसत बाहेर आले, तर एक अनोळखी माणूस माझ्या पोरीला झोके देतोय आणि कान लावून पाळण्याच्या कड्या ऐकतोय!

"हे काय चाललं हाये?" मी ओरडले.

"रिकामा पाळणा हलवू नाई ना," हे मलाच समजावायला लागले. "म्हनून म्हटलं, पोरगी आत हाये तवाच हलवून पाहून घ्या."

म्हणजे माझी पोरगी ह्यांनी सँपल म्हणून वापरली! रीत पाळायची, शकुन-अपशकुन सांभाळायचा, आणि पाळणा मात्र विकायचा! मी बोलायला तोंड उघडलं, तोवर ते गिऱ्हाइकाला हळू आवाजात सांगत होते, "पोरगी उठली की घेऊन जा. झोपमोड नोका करू."

पल्लवी त्यानंतर एका मोठ्या कपाटाच्या खालच्या खणात झोपायची. ते कपाट विकलं गेलं त्या दिवशी आधी धावत जाऊन मी खण उघडून पाहिला.

* * *

माझी नणंद ललिता. बोलायला फटकळ, पण मनानं सोनं. तिला पाहायला येणारे पाहुणे आमच्याकडे आले, कारण गावाकडच्यापेक्षा शहरातलं घर बरं दिसतं. त्या वेळी घरात एक सोफा होता. बिजाच्या लाकडाचा, मी तीन वेळा घासून पॉलिश केलेला. ह्यांनी बहिणीची शपथ घेतली होती की पाहणी होईपर्यंत तो हलणार नाही.

पाहुणे बसले. मुलगा, त्याचे वडील आणि मामा. पोहे झाले. ललिताला एकच प्रश्न विचारला, "सैपाक येते का?" तिनं मान हलवली आणि ती आत गेली. त्यानंतरचे सगळे प्रश्न सोफ्याला! लाकूड कोणतं? स्प्रिंगा जुन्या का नव्या? मामांनी तर उठून सोफा मागून वाकून पाहिला. पोरीकडे इतकं कुणी पाहिलं नव्हतं.

शेवटी मुलाच्या वडिलांनी हातावर थाप मारली. पोरीच्या नाही, सोफ्याच्या. "पोरगी पसंत हाये आमाले. आन हा सोफा त पोरीसंगच येईन ना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे पोरगी सोफ्यावर फुकट का सोफा पोरीवर फुकट? हे पोह्यांच्या बश्या गोळा करायला लागले. मी काही बोलणार तेवढ्यात ललिता चहाचा ट्रे घेऊन आली. ट्रे खाली ठेवला, पदर सारखा केला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "वयनी, सोफा राहू दे. याइले वापस कर!"

पुढं तिला चांगलं घर मिळालं, प्लास्टिकच्या खुर्च्या असलेलं. सुखात आहे. सोफा मात्र राहिला नाही. तिनं वाचवला आणि ह्यांनी त्याच आठवड्यात विकला.

* * *

बिरसीला विमान चालवायला शिकवतात तिथं बाहेरगावची मुलं येतात, भाड्यानं खोल्या घेऊन राहतात. त्यातला एक मुलगा टेबल घ्यायला आला. ऐटबाज, गळ्यात गॉगल. मी पंधरवडाभर राबून केलेल्या टेबलाला बोट लावून त्यानं नाक मुरडलं. "आंटी, ये तो नया लग रहा है. मुझे पुराना लुक चाहिये."

मी म्हटलं, "पुरानाच होता, बाबा. मीच नवा केला."

"तो वापस पुराना कर दीजिये ना."

असा राग आला मला! जुनं नवं करण्यात माझी कंबर गेली, आणि हा म्हणतो परत जुनं करा. तर आमचे हे कामाला लागलेसुद्धा! सायकलची जुनी चेन आणली आणि माझ्यासमोर माझ्या टेबलावर हाणायला लागले. प्रत्येक फटका माझ्या पाठीत बसत होता. मुलगा खूष. "परफेक्ट!" म्हणत टेबल घेऊन गेला.

दोन महिन्यांनी तो टेबल घेऊन परत आला. कोर्स संपला होता, टेबल विकायचं होतं. ह्यांनी चारी बाजूंनी पाहिलं, पोचे पडलेल्या जागी बोट फिरवलं आणि अगदी गंभीर होऊन म्हणाले, "बहुत खराब करून ठेवला, बापा. भाव कमी येईन."

त्या एका वाक्यासाठी मी ह्यांना त्या दिवशी भजी करून घातली.

* * *

आणि मग ती खुर्ची आली.

एक म्हातारे रेल्वेवाले निवृत्त होऊन गावी निघाले होते. त्यांच्या ओसरीवर सागवानी आरामखुर्ची होती. वेताची बैठक, मागं रेलणारी पाठ, आणि हात इतके रुंद की चहाचा ग्लास ठेवावा. मी तिच्यात बसले आणि मला उठावंसंच वाटेना. घरी आणली. पाठीला, पायांना, हातांच्या वरून आणि खालूनही पॉलिश केलं. जिथं कुणाची नजर जात नाही तिथंही मी पॉलिश करते, ती माझी सवय आहे. मग ह्यांना समोर उभं करून सांगितलं, "हे माही. हे विकली त मी नागऱ्याले जाईन, वापस नाई येईन."

"तुहीच," हे म्हणाले. महादेवाची शपथसुद्धा घेतली. आणि अख्खा पावसाळा ती खुर्ची माझ्याजवळ राहिली हो! संध्याकाळी मी तिच्यात बसून तांदूळ निवडायची. राणीच झाले होते मी.

धान कापून झालं आणि आमच्याकडे नाटकांचा हंगाम सुरू झाला. ह्यांचा एक दोस्त नाटकमंडळी चालवतो. नवेगाव बांधला त्यांचा प्रयोग होता आणि त्यांना मालगुजाराची, म्हणजे जमीनदाराची, खुर्ची हवी होती. झालं! मी भांडले तर हे म्हणतात, "विकली कुठं? नाटकाले देली. कायले चिडून राहिली?"

माझा विश्वास नव्हता. मी खुर्चीबरोबरच गेले आणि पुढच्याच रांगेत बसले.

दुसऱ्या अंकात मालगुजाराला राग आला. आता राग आला तर माणसानं बोलावं. त्यानं दिली ना लाथ माझ्या खुर्चीला! खुर्ची कलंडली, हात मंचावर खरडत गेला. मी ताडकन उठले आणि ओरडले, "अरे मुडद्या, पॉलिश हाये ते!"

सगळ्या मंडपानं टाळ्या वाजवल्या. मालगुजारही बिचारा घाबरून खुर्ची उचलून पुसायला लागला, तर आणखी टाळ्या!

मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पडदा पडल्यावर तो दोस्त धावत आला. वाटलं, माफी मागायला. तर म्हणतो, "वयनी, उद्याच्या प्रयोगालेही या!"

* * *

घरी आणल्यावर पाहिलं तर एक हात खालीवर खरचटला होता. मी तो पूर्ण खरवडला आणि नव्यानं पॉलिशचे हात द्यायला घेतले. शेवटचा हात दिला, ब्रश... नाही, चपड्याला ब्रश नाही लागत, कापडाची गड्डी लागते. ती बाजूला ठेवली आणि दारात जीप थांबली.

एक ठेकेदार उतरला. त्यानं नाटकात खुर्ची पाहिली होती. त्याला ती स्वतःसाठी नको होती. कुठल्याशा कचेरीतल्या साहेबांना भेट द्यायची होती. "साहब खुश हो जायेंगे," म्हणाला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. मनात म्हटलं, एकदा. आयुष्यात एकदा म्हणा. ह्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. तोवर ठेकेदाराच्या माणसांनी खुर्ची उचलली.

मी धावले आणि तिचा हात धरला. खालून, घट्ट. ते तिकडे ओढतायत, मी इकडे. पॉलिश ओलं होतं, बोटं त्यात रुतली. रडायला येत होतं आणि रागही येत होता, की माझ्याच वस्तूसाठी मला अशी ओढाताण करावी लागतेय. शेवटी माझीच पकड सुटली.

हाताच्या खालच्या बाजूला माझी चार बोटं उमटली होती. मला वाटलं, आता तरी नको म्हणेल. ठेकेदारानं वाकून पाहिलं. "नीचे है, भाभी. कौन देखता है!"

जीप गेली. हे जवळ आले. मी म्हटलं, "ते वाक्य बोलू नोका."

तरी बोललेच. "तुले दुसरी बनवून देतो ना."

मी नागऱ्याला गेले नाही. पोरीची शाळा होती. पण ह्यांच्याशी कित्येक दिवस बोलले नाही. ह्यांनी खरंच दुसरी बनवली. ती विकली. मग तिसरी बनवली. तीही विकली.

* * *

वर्षं गेली. पल्लवी शिकायला नागपूरला गेली. मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून तांदूळ निवडायला लागले. आणि ह्यांना एक नवाच नाद लागला होता, सरकारी कचेऱ्यांच्या लिलावाचा. जिल्ह्यात कुठंही लिलाव असो, हे हजर. आणायचं काय, तर गंजलेले रॅक, पाय तुटलेले बाक, आतून वाळवी लागलेली कपाटं! घरात पाऊल ठेवायला जागा नाही. मी भांडून थकले. "लाकडाचा धंदा सोडून भंगारवाले कायले होऊन राहिले?" हे पेपरात पुढच्या लिलावाची नोटीस शोधत बसत.

एका दुपारी टेंपो आला. पुन्हा तोच कचरा, कसाही कोंबलेला. फक्त वरती एक वस्तू गोणपाटात गुंडाळून दोरीनं नीट बांधलेली. ह्यांनी ती आधी उतरवली, स्वतः. गोणपाट काढलं आणि माझं डोकंच फिरलं. आरामखुर्ची, आणि तिला फासलेला हिरवा ऑइलपेंट! सागवानावर! पोपटासारखा हिरवा! वेताच्या जागी प्लास्टिकच्या पट्ट्या. ज्यानं हे केलं त्याला त्याच्या आईनं लाकूड कधी दाखवलं नव्हतं का?

"हे कायले आनलं?" मी विचारलं.

"बसून त पाह्य."

ती किती कुरकुरते हे ह्यांना ऐकवावं म्हणूनच मी बसले. तावातावानं हातांवर हात आपटले, कडा धरल्या. बोटं खाली गेली. तिथं ऑइलपेंट नव्हता. कचेरीचा रंगारी तो, दिसेल तेवढंच रंगवून गेला होता! खाली गुळगुळीत पॉलिश लागलं. आणि त्यात चार खळगे.

मी बोटं त्यांत ठेवली. आता थोडी घट्ट बसली.

हे पाठमोरे होऊन रॅक उतरवत होते.

"अहो, हे कुठं भेटली?"

"लिलावात."

"आन गोणपाट कायले बांधलं होतं?"

"रंग खरचटते ना," हे मागं न पाहता म्हणाले.

तेवढ्यात रस्त्यावरचा एक माणूस थांबला. खुर्चीकडे निरखून पाहिलं. "टेकचंदभाऊ, हे हिरवी कितीले देता?"

ह्यांनी रॅक खाली ठेवला. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. आणि माझ्याकडे पाहिलं.

मी दोन्ही पाय वर घेतले आणि म्हटलं, "त्याइले दुसरी बनवून द्या!"